महाधडकचा डावा पाय

४ जानेवारी

डाव्या पायास,

सगळं बदललं ते आपल्या कार्टून मालिकेतल्या महाधडक रोबोचा डावा पाय धडापासून सुटून पुलावरून एकटाच चालता झाला आणि लाल सिग्नल लागला म्हणून चौकात थांबला, त्या क्षणी. तुला तो दिवस आठवत नसेल. मला आठवतो, कारण त्याच दुपारी कॉलेजात माझं प्रॅक्टिकल होतं आणि मी ते द्यायला गेलो नाही. पुढे कधीच गेलो नाही.

तू बूथच्या काचेपलीकडे माइकसमोर उभी होतीस. कागदावर माझं वाक्य होतं, "मी निघाले." तू ते म्हटलंस आणि पडद्यावर त्या पायात बसलेल्या पोरीचं तोंड अजून हलतच होतं. चूक माझी. डबिंगसाठी तिचे ओठ मोजताना मी एक अख्खा श्वास कमी मोजला होता. आता कानसेन रेकॉर्डिंग थांबवणार, स्टुडिओ चालवणाऱ्या मॅडम चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघणार, आणि मग माझी पूजा बांधली जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि तू न थांबता म्हणालीस, "आणि हिरवा लागला की आणखी लांब जाणार आहे." ओठांवर ओठ. तिचं तोंड मिटलं तिथेच तुझं वाक्य मिटलं.

कानसेनचे हेडफोन गळ्यात आले. हिरोकाका, ज्यांनी आयुष्यभर साबणापासून सिमेंटपर्यंत सगळं गंभीर आवाजात विकलं, ते भिंतीला टेकून हसले. मॅडमसुद्धा हसल्या, आणि हसल्याचा त्यांना रागही आला. मी एकटा हसलो नाही. मी तुझ्याकडे बघत होतो.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागद. पत्ता कानसेनने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याला आठवडाभर भंडावून सोडलं होतं, आणि रेकॉर्डिस्ट माणसाला एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे सततचा आवाज.

आता कामाचं. शेवटचा भाग आला आहे. आत्तापर्यंत तिघं मिळून महाधडक उभा करतात ते दृश्य आपण एकदाच केलं होतं आणि दर भागात तेच चिकटवत होतो, कारण चित्रंही दर भागात तीच असायची. तोच डोंगर दुभंगतो, तीच वीज पडते, हिरोचा तोच लाल रुमाल फडफडतो. शेवटच्या भागात मात्र मूळ मालिका काढणाऱ्यांनी हे दृश्य नव्याने काढलंय, आणि शेवटची लाथ तिघांनी एका दमात ओरडायची आहे. डोकं आणि हात हिरोकाका, उजवा पाय मॅडम, डावा पाय तू. आणि तू नाहीस.

मॅडम म्हणाल्या, "दुसरी मुलगी बघितली आहे मी. शेवटचा भाग ती करेल. आणि मध्येच आवाज बदलला असं वाटू नये म्हणून मागचे सगळे भागही तिच्याकडून परत करून घेऊ."

म्हणजे तू पुसली जाणार. सिग्नलला थांबलेल्या पायासकट.

त्या मुलीचा आवाज मी ऐकला. चांगला आहे. पाकात बुडवलेला आहे. ती "मी निघाले" म्हणाली तर कुणालाही वाटेल की पाय तापाने फणफणलाय, त्याला शाल पांघरावी. मी तिचं नाव 'पाकातली' ठेवलंय. मी मॅडमना सांगितलं, पाकातली येणार असेल तर मी नाही.

"भडक्या," त्या म्हणाल्या, "मुळात तू आहेस कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत मात्र मागून घेतली. तुझं एक ओरडणं हवंय. बाकी काही मागत नाही.

भडक्या

११ जानेवारी

डाव्या पायास,

टपाल हळू चालतं, अशी मी माझी समजूत घातली आहे.

काल रेडिओ घेऊन गच्चीवर गेलो होतो. तू जिथे निवेदक म्हणून लागलीस ते केंद्र इथे लागतच नाही, असं सगळे म्हणतात. लागतं. टाकीच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की लागतं. बरीचशी खरखरच असते, मध्येच कुणीतरी बाजारभाव सांगतं, आणि त्या गदारोळात मला "आत्ताची वेळ" एवढं ऐकू आलं. किती वाजले ते नाही आलं. पण त्यातला ळ तुझाच होता. ळ असा ठामपणे कुणी म्हणत नाही, जसा काही दाराला अडसर घातला.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते आईला म्हणतात, "त्याला विचार, जेवणार आहे का." आई मला विचारते. मी आईला सांगतो. आई बाबांना सांगते, "हो म्हणतोय." तिघांचा असा भाग रोज दोनदा होतो, तोही त्याच त्याच चित्रांचा. शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात बाबांना विचारलं, मुलगा काय करतो. बाबा म्हणाले, "अर्धा इंजिनिअर आहे." हिरोकाका मला हेच म्हणतात तेव्हा मी हसतो. बाबा म्हणाले तेव्हा जिना जरा लांब वाटला.

पण ऐक. शनिवारी सकाळी टीव्हीवर पहिला भाग झलक म्हणून आगाऊ लागला (मालिका पुढच्या महिन्यात). आपला. बाबांनी माझ्याकडे पाठ करून पेपर उघडला. पडद्यावर तो सात डोळ्यांचा राक्षस शहर तुडवत होता, महाधडकने हात वर घेतला होता, आणि उजव्या पायात बसलेली घरमालकीण हिरोला विचारते ना, "निघताना नळ बंद केलास का?", तिथे पेपर हलला. वारा नव्हता. मी नीट बघितलं, पंखाही बंद होता.

आणि संध्याकाळी आईला एका बरणीचं झाकण निघेना. तिने ती बाबांना दिली. मी पलीकडच्या खोलीत होतो. बाबांनी पाय फाकवले, दम घेतला, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "आकाशफाड मुक्का." झाकण निघालं.

आई म्हणाली, "काय म्हणालात?"

"काही नाही. घट्ट होतं."

माझा शब्द आहे तो. मूळ नाव सरळ भाषांतर केलं तर 'नभोभेदी मुष्टिप्रहार' होत होतं, आणि ते म्हणेपर्यंत हिरोचं तोंड केव्हाच मिटलेलं असायचं. दोन दिवस मी घरभर मुठी वळून हिंडत होतो, तेव्हा 'आकाशफाड' हाती लागला. आज तो माझ्या बापाच्या तोंडात आहे, बरणीवर वापरला जातोय. कॉलेजच्या कुठल्या परीक्षेत मला हे मिळालं असतं, सांग.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. "ही मालिका हसवते की लढते, एक काय ते ठरव. डोंगराएवढा लोखंडी माणूस जग वाचवतो आणि चुकीच्या जागी उभा राहिला म्हणून त्याला दंड होतो. मी हसू की रडू?" तू हे कॅन्टीनमध्ये म्हणाली होतीस, आणि मी टेबलावर हात आपटला होता, आणि तुझा चहा सांडला होता. तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता टेबल लांब आहे, सांगतो.

ही मालिका नवी आहे, हे लक्षात घे. ज्यांनी काढली त्यांच्याकडे आजची सगळी यंत्रं होती. तरी त्यांनी जाड रेषा ओढल्या, ढग ब्रशने रंगवले, पळणाऱ्या माणसाच्या मागे तेच झाड चारदा नेलं. लहानपणी असल्या मालिकांसमोर जेवणाचं ताट विसरून बसलेले लोक असणार ते. मोठेपणी त्यांना त्यातलं सगळं वेडगळ दिसलं, आणि प्रेम तसूभरही कमी झालं नाही. आपण घरातल्या माणसाची नक्कल कशी करतो? त्याचं चालणं, खोकणं, सगळं हुबेहूब. परक्याची अशी करता येत नाही, कारण परक्याकडे आपण इतकं बघितलेलंच नसतं.

म्हणून ते हिरोला हसतात. ठोसा मारण्याआधी तो ठोशाचं लांबलचक नाव ओरडतो आणि तेवढा वेळ राक्षस बिचारा ताटकळत उभा राहतो. सहाव्या भागात तर घड्याळात बघतो. आपण पोट धरून हसतो. आणि मग ठोसा बसतो, चित्र जागच्या जागी थिजतं, सगळे रंग एकदम जाड होतात, आणि माझ्या अंगावर काटा येतो. दर वेळी येतो. मी तो ठोसा कामासाठी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलाय, तरी येतो. हसून झालेल्या माणसालाच तो खरा लागतो, कारण त्याचं अंग सैल पडलेलं असतं. नुसतंच लढणाऱ्या गोष्टीसमोर आपण आधीच हात बांधून बसतो.

आणि त्या नावाबद्दल. आधी नाव, मग ठोसा. आपल्याकडे उलट असतं. लोक आधी मारतात आणि मग म्हणतात, आम्ही कुठे काय केलं. महाधडकच्या जगात मागून वार करायची सोयच नाही, कारण वाराचं नाव आधी सगळ्या शहराला ऐकवावं लागतं. मला लोक भडक्या म्हणतात. म्हणू देत. मी निदान मनात असेल ते आधी ओरडून सांगतो.

सांगतोच असं नाही, हे तू आत्ता म्हणाली असशील. तो विषय आज नको.

अर्धा इंजिनिअर

१८ जानेवारी

डाव्या पायास,

मॅडमशी भांडलो. पाकातली आज बूथमध्ये उभी राहिली होती, 'फक्त नमुन्यासाठी'. तिने "सप्तसूर्य लाथ" असं म्हटलं की जणू लाथेवर गुलाबपाणी शिंपडलंय. मी बाहेरून मध्येच माइकचं बटण दाबून सांगितलं, लाथ आहे ती, अंगाई नाही. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी मला बाहेर बोलावलं.

"तिचा काय दोष?"

"काही नाही."

"मग तिच्यावर का डाफरलास?"

"तुमच्यावर डाफरता येत नाही म्हणून."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. मग म्हणाल्या, "येतं की. डाफर."

मग मी डाफरलो. म्हणालो, डावा पाय कसा बोलतो ते त्या पोरीने (म्हणजे तू) ठरवलंय, मी फक्त कागदावर उतरवलंय; ती गेली म्हणून तिचा आवाज खरवडून काढायचा असेल तर भिंतीवरचा रंगही काढा, तोही ती असतानाचाच आहे. बरंच काही म्हणालो. शेवटी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्टुडिओचं दार उघडून पुन्हा आपटलं.

ते दार तुला माहीत आहे. वीतभर जाड, आत कापूस कोंबलेला, वरून काळं रेक्झिन. ते आपटताच येत नाही. कितीही जोर लावला तरी शेवटच्या बोटभर अंतरात ते हवा धरतं आणि फुस्स करून सावकाश मिटतं. माझा सगळा राग त्या फुस्समध्ये गेला. काचेतून हिरोकाका दिसत होते, त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. आणि माझी पिशवी आतच राहिली होती, म्हणून मला पुन्हा तेच दार उघडून आत जावं लागलं.

"झालं?" मॅडम म्हणाल्या. "बस. चहा गार होतोय."

पाकातलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला तरी कुठे लाथ मारायची होती? मला राजकन्येचं काम सांगून बोलावलं." मुलगी चांगली आहे. तिच्यासाठी राजकन्या बघायला हवी.

सोबत एक पेनड्राइव्ह आहे. त्यात हिरोकाका आणि मॅडम यांचा आवाज आहे, आणि त्याआधी मी मोजलंय, तीन, दोन, एक. हे कानात लावून तू तुझं ओरडायचंस. कानसेनचा निरोप असा: कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करावं, कपडे घुमारा खातात. पंखा बंद. ओठ माइकपासून एक वीत लांब. आणि काळजी करू नकोस, तिथे पडद्यावर आत बसलेल्या पायलटांची तोंडं दिसत नाहीत, महाधडकचाच चेहरा आहे. त्याला तोंड नाही. तू नेहमीसारखी अर्ध्या श्वासाने उशिरा आलीस तरी कानसेन सरकवून घेईल. मालिकेतला डावा पाय उशिरा येतो म्हणून तू मुद्दाम तसं करायचीस, की तू उशिरा येतेस म्हणून आम्हाला ते जमून गेलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवव्या भागाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

भडक्या

२३ जानेवारी

काही पाठवू नकोस. मी मागणं सोडून दिलंय. माझं काही अडत नाही.

(हे पत्र पेटीत टाकून परत आलो, मग पुन्हा जाऊन पेटीत हात घालून बघितला. हात कोपरापर्यंत जातो, पुढे जात नाही. पोस्टमन आला तेव्हा मी तसाच अडकलेला होतो. त्याने कुलूप उघडून मला सोडवलं आणि पत्र परत दिलं, म्हणून ही ओळ वाढवता आली. वरचं खरं नाही. पाठव.)

२७ जानेवारी

डाव्या पायास,

आला. आवाज आला.

तू तो मला न पाठवता कानसेनला पाठवलास, हे बरोबरच केलंस. मी एकट्याने ऐकला असता. कानसेनने सगळ्यांना बोलावलं, दार लावलं आणि मोठ्या स्पीकरवर लावला.

आधी हँगर एकमेकांवर आपटल्याचा आवाज. मग तुझा श्वास. मग माझं मोजणं, तुझ्या हेडफोनमधून झिरपलेलं, मुंगीएवढं. आणि मग "सप्तसूर्य लाथ".

काय लाथ होती ती. कपाटाची फळी थरथरलेली ऐकू आली. त्यानंतर शांतता, आणि मग दारावर टकटक, आणि एका बाईंचा घाबरलेला आवाज, "अगं, काय झालं?" आणि तू, धापा टाकत, "काही नाही मावशी. लाथ मारत होते." हिरोकाका खुर्चीतून घसरले. कानसेनने तो शेपटाचा भाग कापला, पण वेगळा जपून ठेवलाय. म्हणाला, कधी जगण्याचा कंटाळा आला तर ऐकायला.

मग त्याने तुझा आवाज त्या दोघांच्या आवाजाशेजारी ठेवला. उशीर किती आहे ते बघायला पुढे वाकला, आणि वाकलेलाच राहिला. उशीर नव्हताच. तिन्ही आवाज एका रेषेत उभे होते, कानसेनला केसभरही सरकवावं लागलं नाही. सगळी मालिका ज्या पायाची वाट बघत लंगडली, तो शेवटच्या भागात स्वतःहून वेळेवर आला. तू किती वेळा त्या कपाटात तोंड घातलं असशील, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. मग हिरोकाका म्हणाले, "पोचली पोरगी."

मॅडमनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मागचं काही परत करायचं नाही. आहे तसं जाऊ दे." आणि मग मला म्हणाल्या, "बघतोस काय? ढग आला तिथे गडगडाट लाव." मला अभिमान वाटला तुझा. उगाच नम्रपणे लिहीत नाही: माझाही वाटला. त्या लाथेचं नाव मी ठेवलंय.

तुझा निरोप कानसेनने वाचून दाखवला. सगळ्यांसमोर वाचला. त्याला चेहरा बघून गाळायची अक्कल नाही. "आवाज पाठवते आहे. माणूस पाठवत नाही. पत्रं मिळतात, त्याला सांग. बरणी आवडली. त्याने सगळ्यांचं लिहिलंय, स्वतःचं सोडून."

म्हणून नववा भाग.

त्यात ती पोरगी महाधडकला म्हणते, "माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना उशीर होतो." आणि तो डोंगराएवढा प्राणी मान वळवून तिच्याकडे बघतो आणि नुसतं "हूं" करतो. प्रत्येक भागात तो एकदाच "हूं" करतो. त्याचा आवाज माझा. कानसेन तो यंत्राने खाली विहिरीत उतरवतो. महाधडकला तोंड नाही, म्हणजे ओठ मोजायचे नाहीत, म्हणजे काहीही बोलवता येतं. मी "हूं" काढलं आणि लिहिलं, "तू कर उशीर. तोवर मी एका पायावर उभा आहे."

तू बाहेर व्हरांड्यात आलीस. म्हणालीस, "हे मुळात नाहीये."

"नाहीये."

"कुणाला बोललास?"

"पायाला."

"त्याला तोंड नाही म्हणून त्याच्या आड लपून बोललास. तुला आहे ना तोंड?"

एवढं सोपं विचारलं होतंस. मी त्यावर काय बोललो ते दोघांनाही माहीत आहे, व्हरांड्यातल्या कुंड्यांनाही माहीत आहे. तुला कामातलं कळत नाही, ओळीला टाळ्या पडतील, वगैरे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोडून जगातलं सगळं मी ओरडून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तू शेवटचा सोडून उरलेले भाग उरकलेस आणि रेडिओचं काम घेतलंस.

स्वतःचं लिहायला घेतलं की माझं अक्षर बारीक होतं, बघ.

भडक्या

३१ जानेवारी

डाव्या पायास,

हे स्टुडिओतून लिहितोय, कानसेनच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, दुपारी.

सकाळी मॅडम नाचतच आल्या. नाचत म्हणजे चपला रांगेत न काढता. वाहिनीच्या लोकांना महाधडकची नवव्या भागातली ती ओळ बेहद्द आवडली आहे. भाग लागायचा आहे अजून, पण जाहिरातीत त्यांनी ती आधीच घातली. आमच्या खालच्या मजल्यावरची पोरं एका पायावर उभी राहून ती म्हणतात. पुढची मालिका आपल्यालाच मिळणार, याच्या दुप्पट मोठी, अट एकच: रोबो दर भागात बोलला पाहिजे. आणि त्याचं बोलणं मीच लिहायचं.

"भडक्या," मॅडम म्हणाल्या, "आता तुझ्या वडिलांना म्हणावं, येऊन सांगा, अर्धा कोण."

खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड वाटलं. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पेपर खाली ठेवून थेट माझ्याशी बोलणारा.

मी कानसेनला म्हटलं, नववा भाग लाव. एकदा ओळ घालून, एकदा मूळचं "हूं" घालून. मूळचं "हूं" परक्या माणसाचं, म्हणून मी बूथमध्ये जाऊन माझं केलं. दोनदा पोकळ आलं. कानसेन म्हणाला, "पोटातून नको, आणखी खालून आण." तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि तू हेडफोन काढून व्हरांड्याकडे निघालीस ते बघितलं. तो म्हणाला, "बास. हेच."

मग सगळे बसले. ओळवाला आधी लावला. हिरोकाका खुशीत हसले. चांगली आहे ती ओळ, माझीच आहे. मग दुसरा. पोरगी म्हणाली, माझ्यामुळे उशीर होतो. त्याने मान वळवली. जुन्या लोखंडाची करकर. ब्रशने रंगवलेलं संध्याकाळचं आभाळ. आणि "हूं".

त्या "हूं"मध्ये सगळं होतं. कर उशीर, जा, थांब, माझं तुझ्यावाचून चालत नाही, मला राग आलाय, नळ बंद केलास का. ज्याला जे हवं ते. मी त्यात माझं एकट्याचं कोंबून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं होतं. ज्यांनी ती मालिका काढली ते काही वेडे नव्हते, बारा भाग त्याला गप्प ठेवायला.

"ओळ काढा," मी म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "ओळ चांगली आहे."

"चांगली आहे. पण ती माझी आहे, त्याची नाही."

"आणि वाहिनीला काय सांगू?"

"रोबोला तोंड नाही, म्हणून सांगा."

"पुढची मालिका दुसऱ्या कुणाकडे गेली तर?"

"तर माझ्यामुळे गेली."

"भडक्या, तू आहेस कोण हे ठरवणारा?"

या वेळी उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "ज्याने ती लिहिली, तो."

मी ओरडलो नाही. मलाच नवल वाटलं. मॅडमनी पडद्याकडे बघितलं, तिथे महाधडक मान वळवून थिजला होता. मग कानसेनला म्हणाल्या, "काढ." आणि मला म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये. तोवर वाहिनीचं बघते मी. आणि रांगेत काढ रे चपला, किती वेळा सांगायचं." स्वतःच्या चपला आडव्यातिडव्या पडल्या होत्या, तेही बघितलं नाही.

घरी काय सांगायचं ते ठरवलंय. आज आईमार्फत बोलणार नाही. बाबांसमोर जाऊन सांगणार, आज मी माझी सगळ्यात चांगली ओळ काढून टाकली, आणि मला छान वाटतंय. ते पेपर वाचत असले तर वाचू देत. ऐकतात ते, पेपर हलतो.

आता राहिलं तुझं. आधी नाव, मग ठोसा.

माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे माझ्या तोंडाने सांगतोय. आवाज विहिरीत उतरवलेला नाही, ओठ मोजलेले नाहीत, कुणाच्या मागे लपलेलो नाही. तू लाल सिग्नलला थांबलीस तेव्हापासून आहे. तू कधीच हो म्हणाली नाहीस तरी मला याची लाज वाटणार नाही. उलट, इतक्या चांगल्या माणसावर जीव जडला म्हणून ताठ मानेने फिरेन.

पुढे काय करणार तेही सांगून ठेवतो, म्हणजे मागून वार व्हायला नको. तू बोलावल्याशिवाय मी तिकडे येणार नाही. गच्चीवर टाकीमागे उभा राहून "आत्ताची वेळ" ऐकत राहीन, आणि एक ना एक दिवस ती किती झाली तेही ऐकू येईल. तू हवा तेवढा उशीर कर. मी दोन्ही पायांवर उभा आहे.

हे पत्र पेटीत टाकायला निघालोय. कानसेनने विचारलं, कुठे चाललास. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कुणाला आणि काय लिहिलंय ते. पाकातली राजकन्येचा कागद घेऊन बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या. हिरोकाका सिमेंटच्या आवाजात म्हणाले, "मजबूत."

शेवटच्या ओळी बाहेरून, उभ्याने लिहितोय. कागद दाराच्या रेक्झिनवर टेकवलाय, म्हणून पेन बुडतंय. आज ते आपटायचं मनातही आलं नाही. बाहेर आलो, हात मागे नेला आणि दार लावून घेतलं.